सरळ रेषेमागचे घर

आमच्या गावाचे नाव कोन. पनवेलजवळ, पळस्पे फाट्याच्या अलीकडे-पलीकडे ज्यांचे येणेजाणे आहे त्यांना ते ठाऊक असते. बाहेरच्या माणसाला नाव सांगितले की गंमत होते. हिंदी बोलणारा विचारतो, "कौन?" आणि मराठी बोलणाऱ्याला शाळेतली भूमिती आठवते. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना शिकवते. आमच्या पुस्तकात कोनाला 'जाविया' म्हणतात आणि रेषेला 'खत'. खत म्हणजे पत्रही आणि खत म्हणजे हस्ताक्षराचे वळणही. रेघ, पत्र आणि अक्षर या तिघांना एकाच शब्दात घर देणारी ही भाषा आहे. म्हणूनच केवळ रेघा काढून आयुष्य वेचणाऱ्या एका बाईची गोष्ट मला आपल्या वार्षिकात सांगावीशी वाटते.

काही दिवसांपूर्वी मी तिच्या एका चित्राची छापील प्रत वर्गात लावली. पांढरा कागद, त्यावर शाईच्या आणि पेन्सिलीच्या बारीक तिरक्या रेघा, काही दाट, काही विरळ, आणि बाकी सगळी मोकळी जागा. एका मुलाने विचारले, "टीचर, ये पूरा नहीं हुआ क्या?" दुसरा म्हणाला, "ये तो लाइट के तार हैं." हे उत्तर मला चुकीचे वाटले नाही. आमच्या बाजूला एक्स्प्रेस-वे आहे, त्यावरचे पांढरे पट्टे आहेत, शेतांवरून गेलेल्या विजेच्या तारा आहेत. मुले रोज तेच पाहतात. मी त्यांना सांगितले, हे चित्र काढणाऱ्या बाई आपल्याच रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळच्या किहीम गावी वारल्या. वर्ग गप्प झाला. चित्रकार आपल्या जिल्ह्यातला असू शकतो, तो मुसलमान असू शकतो आणि ती बाई असू शकते, या तिन्ही गोष्टी एकदम पचायला जरा वेळ लागला.

त्या बाई म्हणजे नसरीन मोहम्मदी.

नसरीन यांचा जन्म १९३७ चा, कराचीचा. आई लहानपणीच गेली. १९४४ मध्ये कुटुंब मुंबईला आले. वडील अश्रफ मोहम्मदी यांचा बहारीनमध्ये व्यापार होता, त्यात फोटोग्राफीच्या साहित्याचे दुकानही होते. म्हणजे कॅमेरा ही वस्तू या घराला परकी नव्हती. हे कुटुंब तय्यबजींच्या गोतावळ्यातले. हे नाव आले की उर्दू शाळेच्या शिक्षकाला थोडे थांबावेच लागते.

बद्रुद्दीन तय्यबजी (१८४४-१९०६) हे काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष आणि मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती म्हणून सर्वांना माहीत आहेत. आम्हाला ते अधिक जवळचे वाटतात ते १८७४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या अंजुमन-ए-इस्लाममुळे. त्या संस्थेच्या उभारणीत त्यांचा आणि त्यांचे बंधू कमरुद्दीन यांचा मोठा वाटा होता. आज मुंबई परिसरातील कितीतरी मुस्लिम मुले-मुली तिच्या शाळांतून शिकून बाहेर पडली आहेत. याच बद्रुद्दीन यांनी आपल्या मुलींना शाळेत घातले आणि १९०४ मध्ये दोन मुलींना शिक्षणासाठी थेट इंग्लंडला पाठवले. त्या काळी केवढे बोलणे झाले असेल याची कल्पना करावी! बायकांच्या शिकण्याबद्दल, पडद्याबद्दल, घराबाहेर पडण्याबद्दल या सुलेमानी बोहरा घराण्यांत दोन-तीन पिढ्या आधीच वाद होऊन गेले होते. नसरीन यांचा जन्म झाला तोवर मुलगी शिकणार हे तिथे जवळजवळ ठरलेले होते.

हे लक्षात घेतले नाही तर पुढचे सगळे चमत्कार वाटते. १९५४ मध्ये, सतरा वर्षांच्या आसपासची ही मुलगी लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत दाखल झाली आणि १९५७ पर्यंत तिथे शिकली. पुढे १९६१ मध्ये फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९६३ पर्यंत पॅरिसमध्ये राहून त्यांनी मुद्राचित्रणाचे काम केले. मधल्या काळात घरचे लोक जिथे होते त्या बहारीनला जाणेयेणे होते. तिथला समुद्र, वाळवंट, उजेड आणि सावली यांचा ठसा त्यांच्या नजरेवर उमटला. पुढे कुवेत, इराण, तुर्कस्तान, जपान असा बराच प्रवास झाला.

मुंबईतील त्यांची खरी शाळा म्हणजे भुलाभाई देसाई यांच्या नावाची संस्था. वॉर्डन रोडवर समुद्राला लागून असलेल्या त्या बंगल्यात १९५० आणि १९६० च्या दशकांत चित्रकार, नाटकवाले, गवई, वादक सगळे एका छपराखाली काम करत. रविशंकर यांची सतार शिकवण्याची जागा तिथे, इब्राहिम अल्काझी यांची नाटकाची तालीम तिथे आणि चित्रकारांच्या खोल्याही तिथेच. पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेन, मुंबईत वाढलेले तय्यब मेहता आणि नागपूरला जन्मलेले गोमंतकीय वासुदेव गायतोंडे हे सारे त्या वर्तुळातले. नसरीन यांचीही तिथे खोली होती. १९६१ मध्ये मुंबईतच 'गॅलरी ५९' मध्ये त्यांचे पहिले एकल प्रदर्शन झाले.

या मंडळींत त्यांना सर्वांत जवळचे वाटले ते गायतोंडे. वयाने तेरा वर्षांनी मोठे, बोलणे कमी, आणि चित्रात माणूस, झाड, घर असे काहीही ओळखू येणार नाही अशा वाटेने निघालेले. ज्याला आपण अमूर्त चित्र म्हणतो ते हेच. अमूर्त चित्रात वस्तूचे रूप नसते. रंग, रेषा, पोत, मोकळी जागा यांच्यावरच सारा भार असतो. गाण्यात शब्द काढून टाकले आणि नुसता आलाप राहिला तर जसे होईल तसे. गायतोंडे यांनी हा आलाप रंगात मांडला. नसरीन यांनी रंगही हळूहळू सोडून दिला.

१९६० च्या दशकातील त्यांच्या कामात अजून झाडाची फांदी, समुद्रकिनारा, कोरड्या गवताची काडी यांची पुसट आठवण दिसते. पातळ शाई आणि जलरंग कागदावर पसरलेले असतात. १९७० मध्ये त्या दिल्लीला गेल्या आणि १९७२ पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विभागात शिकवू लागल्या. इथून पुढे ब्रश मागे पडला. हातात आली ती पट्टी, गुण्या, पेन्सिल आणि शाईचे पेन, म्हणजे वास्तुरचनाकाराच्या टेबलावरची हत्यारे.

रेघ ओढणे हे वाटते तितके सोपे नाही. ज्यांनी इंजिनीअरिंग ड्रॉइंग केले आहे त्यांना हे समजेल. शाईचे रेखणी पेन म्हणजे दोन पात्यांची चिमटी असते. मधल्या स्क्रूने पाती जवळ-दूर करून रेघेची जाडी ठरवायची. हात मध्येच थांबला तर तिथे शाईचा थेंब साचतो. घाई केली तर रेघ तुटते. ओली रेघ असताना पट्टी सरकवली तर सगळा कागद बरबाद. पेन्सिल निराळीच. तिच्यावर दाब कमी-अधिक झाला की त्याच रेघेचा रंग फिका-गडद होतो. आता अशा एका कागदावर शेकडो रेघा कल्पाव्या, प्रत्येकीचे अंतर किंचित बदललेले, आणि शेवटची रेघ चुकली तर आधीचे सगळे वाया. नसरीन यांची चित्रे भिंतभर नाहीत, टेबलावर मावतील एवढीच आहेत. पण एकेका कागदावर अशी किती तासांची बैठक आहे हे जवळ जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही.

१९७० च्या दशकात आधी उभ्या-आडव्या रेघांच्या जाळ्या आल्या. ताण्या-बाण्यासारख्या. हातमागावर ताणलेल्या धाग्यांची छायाचित्रे त्यांनी काढली होती, त्यामुळे ही उपमा अगदीच माझ्या पदरची नाही. मग ती जाळी विरत गेली आणि तिरक्या रेघा आल्या. १९८० च्या दशकात तर कागदाचा बहुतेक भाग रिकामा. त्यात कुठे एखादा कोन तरंगतो, कुठे वर्तुळाचा तुकडा, कुठे दोन रेघा एकमेकींकडे निघालेल्या पण न भेटलेल्या. आमच्या गावाचे नाव 'कोन' असल्यामुळे असेल, मला ही शेवटची चित्रे अधिक जवळची वाटतात.

उर्दू शिकवणाऱ्याला इथे आपल्या जुन्या कातिबांची आठवण होणे साहजिक आहे. संगणक येण्यापूर्वी उर्दू वर्तमानपत्राचे पानन् पान कातिब हाताने लिहीत. त्याही आधीच्या काळात कागदावर ओळी आखण्यासाठी 'मिस्तर' असे. पुठ्ठ्यावर दोरे ताणून बसवायचे, त्यावर कागद ठेवून बोटाने दाबायचे, की शाईशिवाय ओळी उमटत. दहाव्या शतकातील बगदादच्या इब्न मुकला याने तर अक्षराचे माप नुक्त्याने ठरवून दिले. अलिफ किती नुक्त्यांचा, त्यावरून बाकीची अक्षरे. रेषेला शिस्त लावणारी एवढी मोठी परंपरा आपल्यामागे उभी आहे. मग नसरीन यांची रेघ 'इस्लामी कला' म्हणून मोकळे व्हायचे का?

मला तसे वाटत नाही, आणि या ठिकाणी आपण जरा सावध राहिले पाहिजे. त्यांनी फत्तेपूर सिक्रीच्या दगडी फरशांची आणि पाण्याच्या हौदांची छायाचित्रे घेतली हे खरे. इराण-तुर्कस्तानच्या इमारती पाहिल्या हेही खरे. पण त्यांनी चंदिगडचे काँक्रीटही तेवढ्याच प्रेमाने टिपले आणि डांबरी रस्त्यावरचे पांढरे पट्टेही. रशियन चित्रकार कांदिन्स्की त्यांना आधार वाटत असे. रिल्के आणि कामू त्यांच्या वाचनात होते. जपानच्या झेन विचाराची ओढ होती. आपल्याकडे काही जण असेही म्हणतात की तस्वीर काढणे धर्माला मान्य नाही, म्हणून मुसलमान चित्रकार अमूर्ताकडे वळतो. हुसेन, तय्यब मेहता, अकबर पदमसी यांच्या चित्रांतील माणसे या म्हणण्याला पुरेसे उत्तर आहेत. नसरीन यांनी माणूस काढला नाही तो कुणाच्या भीतीने नव्हे. त्यांना जे सांगायचे होते त्याला माणसाच्या चेहऱ्याची गरज नव्हती.

उलट, बडोद्यात तर वारे अगदी विरुद्ध दिशेने वाहत होते. तिथे भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख यांच्यासारखे चित्रकार माणसांच्या, गल्ल्यांच्या, गोष्टींच्या चित्रांकडे वळले होते. १९८१ मध्ये 'प्लेस फॉर पीपल' हे प्रदर्शन झाले. आपल्या ठाण्याचे सुधीर पटवर्धनही त्यात होते. आजूबाजूला असा माणसांचा मेळा भरलेला असताना नसरीन आपल्या टेबलाशी एकट्या रेघा ओढत राहिल्या. ना त्यांनी कुणाशी वाद घातला, ना आपल्या बाजूने एखादा जाहीरनामा लिहिला.

इतिहास लिहिणाऱ्याची अडचण इथेच सुरू होते. इतर चित्रकार चित्राला नाव देतात, खाली सही करतात, तारीख टाकतात. नसरीन यांनी आपल्या चित्रांना नावे दिली नाहीत आणि बहुतेकांवर तारखाही घातल्या नाहीत. आज जी वर्षे सांगितली जातात ती अभ्यासकांनी अंदाजाने लावलेली आहेत. छायाचित्रे त्यांनी वर्षानुवर्षे काढली, पण हयातीत एकदाही प्रदर्शनात मांडली नाहीत. रोजनिशी मात्र लिहिली, इंग्रजीत, आणि तिच्या पानांवरही शाईचे पट्टे ओढून मजकुराचे चित्र करून टाकले. त्यांच्याच वर्षी, १९३७ मध्ये, अलिगढला जन्मलेल्या जरीना हाश्मी आठवतात. त्याही रेषेच्याच चित्रकर्त्या, पण त्यांनी आपल्या छापचित्रांत उर्दू शब्द लिहून ठेवले. घर, दार, भाषा यांच्या आठवणी नावानिशी सांगितल्या. २०२० मध्ये त्या गेल्या तेव्हा मागे शब्दांची वाट होती. नसरीन यांनी ती वाटही ठेवली नाही. उरली ती फक्त रेघ.

आणि या रेघेमागे एक दुखणे होते. मज्जासंस्थेच्या आजाराने त्यांचा स्वतःच्या स्नायूंवरचा ताबा हळूहळू सुटत चालला होता. चालताना तोल जाई, हात ऐकत नसे. आता त्यांची १९८० च्या दशकातील चित्रे पुन्हा समोर ठेवावीत. एकही रेघ डळमळलेली नाही. ज्या हाताला पेला धरणे कठीण, तो हात टेबलाशी बसला की रेघ सुतासारखी सरळ येई. याला कुणी चमत्कार म्हणेल, कुणी अध्यात्म म्हणेल. मी शिक्षिका आहे, मी याला सराव म्हणते. तीस वर्षांचा, रोजचा, न चुकलेला सराव. शरीर साथ सोडू लागले तेव्हा त्या सरावानेच त्यांना सावरून धरले.

बडोद्याहून त्या पुन्हा पुन्हा किहीमला येत. कुटुंबाचे घर तिथे होते. किहीम हे तसे तय्यबजी गोतावळ्याचे जुने ठिकाण. पक्षीशास्त्रज्ञ सलीम अली यांनी १९३० मध्ये याच गावी सुगरण पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला होता. सुगरणीचा नर गवताच्या पात्याच्या चिरफळ्या करून एकेक धागा विणतो, मादीला पसंत पडले नाही तर ते घरटे सोडून दुसरे सुरू करतो. किहीमच्या ओल्या वाळूवर ओहोटीने सोडलेल्या रेषांची छायाचित्रे नसरीन यांनी काढली आहेत. त्याच किनाऱ्यावर १४ मे १९९० रोजी त्यांचे निधन झाले. वयाची पन्नाशी नुकतीच ओलांडलेली होती.

मेल्यानंतरची कहाणी थोडक्यात सांगता येते. १९९१ मध्ये मुंबईच्या जहांगीर कलादालनात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन झाले. त्यांचे बंधू, चित्रकार अल्ताफ मोहम्मदी यांनी १९९५ मध्ये त्यांच्यावरचे पुस्तक संपादित केले. २००३ मध्ये न्यूयॉर्कला छायाचित्रे प्रथमच लोकांसमोर आली. २००७ मध्ये जर्मनीतील कासेलच्या 'डॉक्युमेंटा' या जगप्रसिद्ध प्रदर्शनात त्यांची रेघ पोचली. २०१३ मध्ये दिल्लीच्या किरण नाडर संग्रहालयात प्रदर्शन झाले, ते मांडणाऱ्या रुबिना करोडे बडोद्यातील त्यांच्याच विद्यार्थिनी. पुढे माद्रिद, आणि मग २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 'मेट ब्रॉयर' ही शाखा उघडली तेव्हा पहिल्या दोन मोठ्या प्रदर्शनांपैकी एक नसरीन मोहम्मदी यांचे होते.

म्हणजे न्यूयॉर्कला ठाऊक, आणि पनवेल-पेण-अलिबागला ठाऊक नाही. असे का व्हावे? किहीमसारखेच अलिबागजवळ नागाव आहे. तिथे १९३६ मध्ये प्रभाकर बरवे जन्मले. मराठी वाचकाला बरवे माहीत आहेत, कारण त्यांनी 'कोरा कॅनव्हास' मराठीत लिहिले. नसरीन यांनी मराठीत लिहिले नाही, उर्दूतही नाही. त्यामुळे मराठीवाल्यांनी त्यांना मोजले नाही आणि उर्दूवाल्यांनीही नाही. आपण मुस्लिम मराठी लेखकांची, समाजसुधारकांची, शाहिरांची यादी करतो तेव्हा चित्रकाराचा रकाना बहुतेक कोराच ठेवतो. चित्रकार म्हटले की हुसेन यांचे नाव येते आणि यादी तिथेच संपते.

पण केवळ अभिमानाने नाव घालण्यात अर्थ नाही. नसरीन यांच्या आयुष्यातून आपल्याला घ्यायचे आहे ते निराळे. त्या श्रीमंत घरातल्या होत्या, हे झाकून ठेवायचे कारण नाही. लंडन आणि पॅरिस कोन-पनवेलच्या मुलीला कुठून मिळणार? मात्र पैशापेक्षा दुर्मीळ अशी एक गोष्ट त्या घराने त्यांना दिली, ती म्हणजे मोकळीक. त्या अविवाहित राहिल्या, एकट्या राहिल्या, परक्या शहरात नोकरी केली, आणि तासन् तास टेबलाशी बसून ज्याचा कुणालाही उपयोग दिसत नव्हता असे काम केले. "याचे पुढे काय?" हा प्रश्न त्यांना तीस वर्षे थांबवू शकला नाही. पैसेवाली घरे आपल्यातही आहेत. मुलीला अशी बसू देणारी किती आहेत?

मी वर्गात ते चित्र लावले त्या दिवशी आठवीतली एक मुलगी काही बोलली नव्हती. चार दिवसांनी तिने वहीचे पान आणून दिले. पेन्सिलीच्या रेघा, पट्टीने ओढलेल्या, मी मोजल्या, बासष्ट होत्या. वरच्या दाट, खाली येता येता विरळ. कुठेही खोडलेले नव्हते. मी विचारले, खोडरबर नव्हते का? ती म्हणाली, "गलत हुआ तो मैं नया पन्ना लेती थी, टीचर." सात पाने फाडली होती तिने. मी तिला ड्रॉइंगच्या एलिमेंटरी परीक्षेला बसवायचे ठरवले.

ती बसली नाही. आठवीनंतर तिची शाळा सुटली. पुढची शाळा लांब, घरी धाकटी भावंडे, आणि चित्रकलेचे पुढे काय, हे सगळे मला तिच्या अम्मीने दारात उभे राहून नीट समजावून सांगितले. त्यात राग नव्हता, मुलीबद्दलची माया होती. मला उत्तर देता आले नाही. ज्या घराण्याने १९०४ मध्ये मुली इंग्लंडला पाठवल्या त्याचा दाखला त्या दारात उभे राहून कसा द्यायचा?

पण ते उत्तर कुठेतरी द्यायलाच हवे, म्हणून इथे लिहिते आहे. पळस्प्याहून गोव्याच्या रस्त्याला लागले की पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड आणि मग चोंढी-किहीम. दोन-अडीच तासांचा रस्ता. या वर्षी सहल काढायची ठरली तर मुलांना मी तिथे नेणार आहे. दाखवायला तिथे काही नाही, समुद्र आहे आणि ओहोटीची वाळू आहे. त्या मुलीच्या अम्मीलाही विचारून पाहीन, एक दिवस पाठवाल का म्हणून. ते बासष्ट रेघांचे पान मी माझ्या हजेरीपुस्तकात जपून ठेवले आहे. त्यावर तिने नाव घातले नव्हते, तारीखही नाही. मी मागच्या बाजूला दोन्ही लिहून ठेवली.